होळ ते इंदूर : रंगपंचमीची गेर

मुलांनो, मागच्या वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात शिरले, तर एक जण डोळ्याला पट्टी बांधून बसलेला! कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासला होता. "बाई, दिसतंय मला," म्हणाला. पण पुढचे पंधरा दिवस त्याला फळ्यावरचं काही नीट वाचता येईना. तेव्हाच ठरवलं, की तुम्हाला एकदा फुलांच्या रंगपंचमीची गोष्ट सांगायची.

आपल्या बारामती तालुक्यात, नीरा नदीच्या बाजूला होळ नावाचं गाव आहे. मल्हारराव होळकरांचं घराणं तिथलं. होळचे म्हणून होळकर! मल्हाररावांचा जन्म १६९३ सालचा. लहानपणीच वडील वारले, तेव्हा आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला मामाकडे गेली. तोच मुलगा पुढे बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात गेला आणि तिथला सुभेदार झाला. इंदूरच्या सातमजली राजवाड्याचं काम त्याच्याच काळात, १७४७ साली सुरू झालं. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी.

याच राजवाड्यासमोर दर रंगपंचमीला 'गेर' नावाची मिरवणूक येते. सांगतात, की होळकरांच्या वेळी राजघराण्यातली माणसं बैलगाड्यांत फुलं आणि रंग भरून रस्त्यावर निघायची. वाटेत जो भेटेल त्याला रंगवायचं. मग तो सावकार असो नाहीतर हमाल! राजाच्या अंगावर रंग टाकायला मिळणार म्हटल्यावर कोण घरात बसेल, सांगा बरं?

रंग कसला? पळसाच्या फुलांचा. तिकडे त्याला टेसू म्हणतात. फाल्गुनात पळसाची पानं झडतात आणि नुसत्या काड्यांवर पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुलं येतात. वास नाही, पण रंग भरपूर!

आजची गेर फार मोठी झाली आहे. यंत्रांनी गुलाल तीन-चार मजले उंच उडवतात, पाण्याचे टँकर असतात. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे ती निघाली नाही. २०२२ ला पुन्हा सुरू झाली. टँकरचं मात्र मला पटत नाही, बरं का. इंदापूरकडच्या जिरायती गावांतल्या मुलांना विचारा, फाल्गुनात टँकर कशासाठी येतो ते!

यंदा आमच्या वर्गाने ओढ्याकाठच्या पळसाखाली पडलेली फुलं वेचली. देठाचा काळपट भाग काढला, पाकळ्या रात्रभर भिजवल्या, सकाळी उकळल्या. चिमूटभर चुन्याने रंग जास्त खुलतो, पण डोळ्यात जाईल म्हणून आम्ही तो घातला नाही. पाच बादल्यांचा हट्ट होता, एकीवर भागवलं. रंग गाळायला आईची जुनी ओढणी कुणी आणली असेल? त्या पट्टीवाल्यानेच!