चेक इंजिनचा दिवा लागला, एव्हरेज पडलं. दोष ई-२० चा की गाडीचा? हा एक आकडा बघा

सिग्नल सुटला, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने झटका मारला. मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागला. गॅरेजला गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, ई-२० मुळं होतंय, सगळ्यांच्याच गाड्या येतायत." मग इंजेक्टर क्लिनिंगपासून सेन्सर बदलण्यापर्यंतचं इस्टिमेट हातात पडतं.

यात खरं किती, ते बघू.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं. ई-२० ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि २०२५ पर्यंत पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजेच ई-२० झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय द्या, ही मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. थोडक्यात, जुनी गाडी असली तरी टाकीत हेच जाणार.

मिक्श्चर बिघडतं म्हणजे काय होतं?

१ किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला ९ किलो पुरते. ई-१० ला सुमारे १४.१, तर ई-२० ला सुमारे १३.५ किलो. म्हणजे हवा तेवढीच असेल तर ई-२० थोडं जास्त सोडावं लागतं. इंधन कमी पडलं तर मिक्श्चर 'लीन', जास्त झालं तर 'रिच'.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे गणित ईसीयू करतो. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर ईसीयू इंधन वाढवतो, कमी उरला तर घटवतो. किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, त्या आकड्याला म्हणतात 'फ्युएल ट्रिम'. आपल्या कामाचा आकडा हाच.

हा आकडा काय सांगतो?

ई-१० वर सेट असलेल्या गाडीत ई-२० भरलं तर ट्रिम ४ ते ५ टक्के वाढेल. अगदी शुद्ध पेट्रोलवर सेट असलेल्या गाडीत ८ टक्क्यांच्या आसपास. पण 'पी ०१७१', म्हणजे मिक्श्चर लीन असल्याचा कोड, बहुतेक गाड्यांत ट्रिम २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्यावर येतो. म्हणजे एकट्या ई-२० ने ठणठणीत गाडीचा दिवा लागायला नको. मात्र गाडीत आधीच १५ टक्क्यांचा छुपा बिघाड असेल तर ई-२० त्यात भर घालून तिला रेषेपलीकडे ढकलू शकतं. त्यामुळे मेकॅनिक खोटंच बोलतोय असं नाही, पण तो अर्धंच सांगतोय. उरलेला बिघाड शोधणं हे त्याचं काम आहे.

आणि उलटा कोड आला तर? 'पी ०१७२' म्हणजे मिक्श्चर रिच. काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळी धरलेला प्लग. इथे ई-२० ला दोष देताच येत नाही, कारण ते मिक्श्चर लीनकडेच नेतं. गळका इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर किंवा चुकीचं रीडिंग देणारा सेन्सर तपासा.

लीन असेल तर बिघाड कुठे शोधायचा?

गाडी गरम झाल्यावर स्कॅनर लावून ट्रिम दोनदा बघायचा. एकदा आयडलिंगला आणि एकदा २,५०० आरपीएमच्या आसपास.

आयडलिंगला ट्रिम खूप जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. तडकलेला व्हॅक्युम पाइप, इनटेकचं गॅस्केट बघा. हा पाइप अनेकदा इंजेक्टरपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलून होतो.

रेस केल्यावर किंवा चढावर ट्रिम वाढत जात असेल, तर इंधन कमी पडतंय. फ्युएल पंप, फिल्टर, तुंबलेले इंजेक्टर हे संशयित. हवा मोजणारा सेन्सर घाण झाला असेल तरीही असंच दिसतं, म्हणून पार्ट बदलण्याआधी फ्युएल प्रेशर मोजायला सांगा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कोड डिलीट करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. कोड उडवला की त्यासोबत साठवलेली माहितीही जाते, अनेक गाड्यांत ट्रिमही शून्यावर येतो. म्हणजे पुरावाच गायब. घरी बघायचं असेल तर मोबाईलला जोडणारं साधं ओबीडी यंत्र हजारभर रुपयांत मिळतं.

बाईकवाल्यांचं काय?

बीएस-६ च्या आधीच्या बहुतेक बाईक कार्ब्युरेटरच्या. तिथे सेन्सरही नाही आणि ईसीयूची दुरुस्तीही नाही. ई-२० टाकलं की मिक्श्चर थोडं लीन होतंच. प्लग काढून बघा. बिस्किटासारखा रंग असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच. कार्ब्युरेटर सेट करून यातला बराच फरक भरून निघतो.

मग एव्हरेजचं काय?

ते ट्रिमने परत येत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं एव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज आहे. ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत तो १ ते २ टक्के आहे.

म्हणून हिशोब साधा ठेवा. १८ चं १७ झालं असेल तर ते ई-२० चं, त्याचा जाब धोरण ठरवणाऱ्यांना विचारा. पण १८ चं १३ झालं असेल तर आधी बोनेट उघडा.