शक्तीच्या नावाने रस्ता, पण सातबाऱ्यावर बाई कुठे?

मोजणीवाले आले त्या दिवशी वावरात बायकाच होत्या. हळदीचे खुरपण चालले होते. गाडी बांधाला थांबली, दोघे-तिघे उतरले आणि पहिला प्रश्न आला, "मालक कुठे आहेत?" माझी चुलतसासू उठून म्हणाली, "मालक तालुक्याला गेलेत. काय काम हाय ते मला सांगा." उत्तर मिळाले, "तुम्हाला काय सांगायचं मावशी? मालक आल्यावर येतो."

चाळीस वर्षे तिने त्या वावरात हळद लावली, काढली, शिजवली, वाळवली. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते आणि कुठे मुरूम लागतो, हे तिला मालकापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, म्हणून तिला सांगण्यासारखे काही नाही.

मैत्रिणींनो, या रस्त्याचे नाव आहे शक्तिपीठ महामार्ग. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या आखणीनुसार वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर. बारा जिल्हे, त्यात आपला हिंगोलीही. अंदाजे खर्च ८६ हजार ३०० कोटी, म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींच्या वर. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई ही तीन पीठे आणि आपले औंढा नागनाथ एका रस्त्याने जोडायचे, नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर आणायचा, असे सांगतात. भूसंपादन आणि आखणीसाठी २० हजार ७८७ कोटींना राज्य मंत्रिमंडळाने २४ जून २०२५ रोजी मंजुरी दिली.

देवीच्या नावाने रस्ता काढणाऱ्यांना मला एकच विचारायचे आहे. घटस्थापनेला घटाखाली आपण माती घालतो, ती कुठून आणतो? वावरातून. आणतात कोण? बायका. ज्या मातीवर देवी बसते ती माती घेताना बाईला एका शब्दाने विचारायचे नाही, ही कसली शक्तीची पूजा?

आमच्या वसमत-कळमनुरीकडची जमीन माळरान नाही. पूर्णेच्या पाण्यावर सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांनी वसमतचा भाग भिजला, इसापूर धरणाच्या पाण्यावर कळमनुरीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सत्कार झाले, पेढे वाटले. हे पाणी यावे म्हणून आधीच्या पिढीतल्या कित्येक गावांनी धरणाखाली घरेदारे बुडवली. आता त्याच ओलिताच्या जमिनीवरून डांबर-सिमेंट जाणार.

"मोबदला मिळेल की!" असे म्हणणारे भेटतात. मिळेल, पण कोणाच्या खात्यात? देशातल्या शेतीखातेदारांत बायकांचे प्रमाण २०१५-१६ च्या कृषिगणनेत जेमतेम १४ टक्के होते. नवरा हयात असेपर्यंत बायकोचे नाव सातबाऱ्यावर आपोआप लागत नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा काही गावांत पुरुषांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनी केल्या. १९९२ मध्ये सरकारनेही त्यासाठी परिपत्रक काढले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, ते काम तिथेच राहिले. ते पुढे गेले असते, तर आज आमच्या चुलतसासूला "मालक कुठे?" असे कोणी विचारले नसते.

जमीन असते तोवर बाईला निदान वावर असते. शेळीला पाला, चुलीला काड्या, बांधावरच्या तुरी, घरापुरते माळवे. याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. जमिनीचे पैसे झाले की ते खात्यात जातात आणि खाते असते पुरुषाचे. मग दारात गाडी येते, घराला मजला चढतो, जुने कर्ज फिटते, कुठे दारूचा खर्च वाढतो. पैसा संपतो आणि बाई दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाते. काल मालकीण म्हणवणारी आज मजूर होते.

आता लेकींचे बघा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरी एरवी लेकीची आठवण दिवाळीला आणि पंचमीला. जमिनीला सरकारी भाव येणार म्हटल्यावर मात्र भावांना बहिणी आठवतात. साडीचोळी होते, पुरणपोळी होते आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र पुढे येते. मीही अशा एका कागदावर सही केली आहे. त्या दिवशी मला कोणी धमकावले नाही. "माहेर तुटेल" एवढेच आई हळूच म्हणाली. तेवढे पुरले. आज लिहिताना मला त्याची लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे.

आणि जिच्या माहेरीही जमीन नाही, सासरीही नाही, तिचे काय? रोजाने खुरपणाऱ्या, हळद काढणाऱ्या दलित, भटक्या, आदिवासी बायकांना कोणी मोजणीतही धरत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा त्यांना विसरला नव्हता. त्या जमिनीवर तीन वर्षे पोट भरणारे शेतमजूर आणि बटईदारही बाधित कुटुंबात धरावेत, विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानावे, असे त्यात लिहिले आहे. घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा, असेही आहे. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती केली आणि राज्याच्या महामार्ग कायद्याखाली घेतल्या जाणाऱ्या जमिनींना त्या अभ्यासातून सूट दिली. आमच्या जगण्यावर काय परिणाम होईल, हे विचारण्याची सक्तीच काढून टाकली.

ज्या मैत्रिणी "जाऊ द्या जमीन, कर्ज तरी फिटेल" म्हणतात, त्यांच्यावर मी रागावत नाही. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला अशा बायका आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांची अडचण खरी आहे. पण ती अडचण हेरून जमीन काढून घेणे, याला विकास म्हणता येत नाही.

आणि रस्ता नाहीच का? नागपूरहून यवतमाळ, वारंगा फाटा, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूरमार्गे कोल्हापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहेच. देवीला जायचे तर त्याने जाता येते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला, ट्रॅक्टरला, बैलगाडीला मनाई आहे. असाच बंदिस्त रस्ता इथे आला तर ज्यांचे वावर गेले त्यांनाच त्यावर पाय ठेवता येणार नाही. वावराचे दोन तुकडे होतील आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बाई बोगदा शोधत फिरेल. आम्हाला हवा तो रस्ता वस्तीपासून दवाखान्यापर्यंतचा आहे, पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवरून न्यावे लागू नये म्हणून. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. पण जिथे एसटीच येत नाही, तिथे अर्धे कशाचे करायचे?

शेवटचे आपल्याच लोकांना. विरोध केल्याने काही होत नाही असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात लोक एकवटले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. १ जुलै २०२५ ला बाराही जिल्ह्यांत रास्ता रोको झाला. अशा आंदोलनांत पोलीस आले की हाक येते, "बायांनो, पुढे व्हा!" आम्ही पुढे होतो. पण संध्याकाळी बैठक बसते तेव्हा आम्ही चहाच्या पातेल्याजवळ. लाठीपुढे बाई चालते, मग निर्णयात का चालत नाही? हे सरकारला विचारायचे तेवढेच आपल्या भावांनाही विचारायला हवे.

हा महामार्ग नको, ही आपली पहिली मागणी. ती लढतानाच या मागण्याही धरून बसायच्या:

ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती घ्या आणि महामार्गाचा ठराव आधी तिथे मांडा.

बायकोच्या सहीशिवाय कोणतीही संमती धरू नका. पैशाचा प्रश्न आलाच तर खाते दोघांच्या नावाचे.

भूसंपादन चालू असताना लेकींकडून हक्कसोड घेऊ नका.

मजूर, बटईदार आणि एकल स्त्रियांची नावानिशी यादी गावात लावा.

संघर्ष समितीत निम्म्या जागा बायकांच्या.

मैत्रिणींनो, उद्या तलाठ्याकडे जा आणि आपला सातबारा काढा. त्यावर आपले नाव शोधा. नसेल तर घरात विचारा, "का नाही?" मोजणीवाले परत येतील तेव्हा आपण वावरातच असू. "मालक कुठे आहेत?" असे त्यांनी विचारले की खुरपे हातात घेऊन उठा आणि सांगा, "मालकीण इथे आहे. बोला."