एकटा? कुठला एकटा!

परवा शनिवारी महिन्याचा किराणा भरायला डेव्हन ॲव्हेन्यूवर गेलो होतो. (शिकागोच्या उत्तरेकडचा हा आपला रस्ता. एका तुकड्याला गांधींचं मानाचं नाव, दुसऱ्याला जिनांचं, तिसऱ्याला गोल्डा मेयरबाईंचं!) तिथे भेटलेला एक मित्र कौतुकाने सांगू लागला, ऑफिसातल्या एका गोऱ्याने सायनायच्या डोंगरातल्या बेदुइनांवर 'एकट्याने' माहितीपट काढलाय. संध्याकाळी त्याच्याकडे तो बघितला. डोंगर सुंदर, उंट सुंदर. शेवटच्या पाटीवर दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सगळीकडे एकच नाव.

मंडळी, मला या 'एकट्याने'चा राग येतो. या गृहस्थाला अरबीचं अक्षर येत नाही. मग प्रश्न विचारले कोणी? वाट दाखवली कोणी? दोन महिने भाकरी कोणाची खाल्ली?

ही खोड जुनीच. 'नानूक ऑफ द नॉर्थ' आला १९२२ साली. फ्लाहर्टी जगप्रसिद्ध झाला. पण फिल्म धुवायला बर्फ फोडून पाणी आणणारे, कॅमेरा सांभाळणारे इनुइट कोणाला माहीत आहेत? अहो, खुद्द 'नानूक'चं खरं नाव अलाकारियालाक होतं, तेही पडद्यावर आलं नाही!

कोणी म्हणेल, नाव छापलं तर तो बिचारा अडचणीत यायचा. मग त्यालाच विचारा ना! नको म्हणाला तर 'एक वाटाड्या' एवढं तरी लिहा.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा? काही वर्षांपूर्वी घरच्यांना दाखवायला मीही डेव्हनवर वीस मिनिटांची फिल्म काढली होती. एका हैदराबादी मिठाईवाल्या चाचांनी माझ्यासाठी दुकान बंद झाल्यावरही तासभर दिवे चालू ठेवले. गप्पा मारणारे म्हातारेही त्यांनीच गाठून दिले. शेवटच्या पाटीवर मी मात्र ऐटीत लिहिलं, 'सबकुछ मी'. चाचांनी ती शेवटपर्यंत बघितली आणि एवढंच म्हणाले, "अच्छी है भाई. लाइट भी अच्छी आई है."

तुमच्यापैकी कोणी उद्या मोबाईल घेऊन सह्याद्रीतल्या धनगरवाड्यावर शूटिंगला निघाला, तर आधी वहीत एक पान मोकळं ठेवा. ताक कोणी दिलं, कुत्री कोणी आवरली, सगळं लिहून आणा. शेवटची पाटी त्या पानावरून करायची.

माझी पाटी मी या आठवड्यात बदलतोय.