फॉरमॅट मारण्याआधी थांबा : एमआयडीसीवरच्या हल्ल्यानंतर पाच महिन्यांनी आलेली चावी

"भाऊ, फॉरमॅट मारून देऊ का?" बर्डीवरच्या कुठल्याही कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात मशीन नेलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. व्हायरस असो, विंडोज स्लो झालेलं असो, की पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्सचे शॉर्टकट झालेले असोत, इलाज एकच. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो लागूही पडतो. मशीन परत पळायला लागतं. पण रॅन्समवेअर आल्यापासून मशीन वाचवणं आणि त्यातला डेटा वाचवणं ही दोन वेगळी कामं झाली आहेत. पहिलं घाईने केलं की दुसरं कायमचं हातातून जाऊ शकतं. महाराष्ट्रात घडलेल्या एका मोठ्या प्रकरणात हे अगदी स्पष्ट दिसतं.

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास एमआयडीसीच्या सिस्टिमकडून ॲप्लिकेशन्स बंद पडल्याचे अलर्ट आले. आपण नागपूरकर एमआयडीसी म्हटलं की हिंगणा नाहीतर बुटीबोरी समजतो, पण हे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ आहे आणि उद्योगांना लागणाऱ्या प्लॉटपासून परवानग्यांपर्यंत बरीच कामं त्याच्या सर्व्हरवरून चालतात. दिवसभरात कळलं की हा सिनॅक नावाच्या रॅन्समवेअरचा हल्ला आहे. मुंबईच्या मुख्यालयातल्या सर्व्हरवरचा डेटा लॉक झाला होता, शिवाय वेगवेगळ्या ऑफिसांतले काही डेस्कटॉपही बाधित झाले होते. राज्यभरातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम ठप्प झालं. पाचशे कोटी मागितल्याच्या बातम्या आल्या. महामंडळाने मात्र खुलासा केला की खंडणीच्या चिठ्ठीत रक्कम थेट लिहिलेली नव्हती.

एमआयडीसीने पहिलं काम केलं ते मशीन्स नेटवर्कपासून तोडण्याचं. दुसरी गोष्ट त्यांनी आधीच करून ठेवली होती: बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवला होता, त्यामुळे तिथपर्यंत व्हायरस पोचला नाही.

यानंतरचा भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सिनॅकच्या टोळीने एल कोमेटा असं नवं नाव घेतलं आणि जुना धंदा गुंडाळताना स्वतःच्या मास्टर चाव्या जगासमोर टाकून दिल्या. जुलै २०१७ पासून २०२१ च्या सुरुवातीपर्यंतच्या बळींसाठी या चाव्या होत्या. एमसिसॉफ्ट या कंपनीने त्यांवरून फुकट टूलही बनवलं. म्हणजे जगात ज्या कुणाच्या फाइल्स सिनॅकने लॉक केल्या होत्या, त्यांच्यासाठी कुलूप उघडण्याचा रस्ता निघाला. अट एकच, कुलूप शिल्लक पाहिजे. ज्याने मधल्या काळात डिस्क पुसून टाकली, त्याला ती चावी काय कामाची?

हे मला एवढं झोंबण्याचं कारण घरचं आहे. २०१९ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मामांचा महालात फोटो स्टुडिओ. एका सकाळी फोन आला, "अरे, सगळ्या फोटोंची नावं बदलली, एकही उघडून नाही राहिला." कुठूनतरी फुकटात उतरवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून स्टॉप नावाचं रॅन्समवेअर आलं होतं. चिठ्ठीत ९८० डॉलर मागितले होते, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे. मी रुबाबात गेलो, पैसे द्यायचे नाहीत म्हणून सांगितलं (ते बरोबरच होतं) आणि सगळं फॉरमॅट करून टाकलं. वर नीट काम करायचं म्हणून डी ड्राइव्ह फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची टिकही काढली. कित्येक तास चाललं. मामांनी चहा पाजला, मामीने जेवायला थांबवून घेतलं. त्या ड्राइव्हमध्ये दोन लग्नांचे फोटो होते, जे अजून पार्टीला दिलेले नव्हते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्टने स्टॉपसाठी फुकट टूल काढलं. तेव्हा माहीत असलेल्या १६० प्रकारांपैकी १४८ प्रकारांवर ते चालण्यासारखं होतं. त्यातल्या बहुतेकांना एखादी मूळ फाइल आणि तिचीच लॉक झालेली कॉपी अशा जोड्या लागायच्या. मामांकडे जोड्यांना काय तोटा? जुन्या गिऱ्हाइकांना दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ फोटो होतेच. नव्हते ते फक्त लॉक झालेले फोटो, कारण ते मी शून्यांनी भरून टाकले होते.

आता ती 'क्विक'ची टिक. क्विक फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कवरचा डेटा पुसत नाही, फक्त कुठली फाइल कुठे आहे ती यादी नवी कोरी करते. लायब्ररीचं रजिस्टर फाडलं तरी पुस्तकं कपाटातच राहतात, तसं. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरला साध्या हार्ड डिस्कवर बरंच काही परत मिळतं, फक्त त्यावर नवीन काही लिहिलेलं नसलं पाहिजे. टिक काढली की विस्टापासूनच्या विंडोजमध्ये संपूर्ण ड्राइव्हवर शून्य लिहिली जातात आणि मग खेळ संपला. डिस्कपार्ट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नुसतं 'क्लीन' पार्टिशनची माहिती काढतं, 'क्लीन ऑल' सगळीकडे शून्य लिहितं. एका शब्दाचा फरक आहे.

एसएसडी असेल तर क्विकवरही विसंबू नका. फॉरमॅट झाल्यावर विंडोज डिस्कला 'ही जागा आता मोकळी' असा निरोप देते. त्याला ट्रिम म्हणतात. मग डिस्क आपल्या सवडीने ती जागा खरोखर रिकामी करते. हार्ड डिस्कवर मिळते तशी दुसरी संधी इथे सहसा मिळत नाही.

माझं म्हणणं असं: रॅन्समवेअर लागलेली डिस्क फॉरमॅट करू नका, बदला. नेट बंद करा, जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख आणि रॅन्समवेअरचं नाव लिहा आणि खंडणीच्या चिठ्ठीसकट कपाटात ठेवून द्या. मशीनमध्ये नवीन डिस्क टाकून विंडोज घाला. काम सुरू आणि कुलूपही शाबूत. मग अधूनमधून नो मोअर रॅन्सम या साइटवर बघत राहा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली आणि असली टूल्स तिथे फुकट मिळतात.

डिस्क जपण्याचं दुसरं कारण पुरावा. नागपूरच्याच सोलर इंडस्ट्रीजचं प्रकरण घ्या. स्फोटकं आणि संरक्षण साहित्य बनवणारी कंपनी. जानेवारी २०२३ मध्ये ब्लॅककॅट नावाच्या टोळीने तिचा दोन टेराबाइट डेटा चोरल्याचा दावा केला आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. अशा वेळी कोण कुठून आत आलं, कधीपासून बसलं होतं, काय काय बाहेर नेलं, हे सगळं डिस्कवरच्या लॉगमध्ये असतं. बाहेर गेलेला डेटा फॉरमॅटने परत येत नाही, उलट चोराच्या पावलांचे ठसे तेवढे पुसले जातात. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना अशी घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात, ते यासाठीच. याच ब्लॅककॅटच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये एफबीआयने जाहीर केलं की ५०० हून जास्त बळींसाठी फाइल्स उघडण्याचं टूल दिलं आहे. परत तेच, चावी उशिरा आली.

मग फॉरमॅट कधीच करायचं नाही का? करायचं की. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल बंद पाडलं, तेव्हा चावीची वाट बघण्यात अर्थच नव्हता. ते रॅन्समवेअरच्या वेशातलं विध्वंसाचं हत्यार होतं, पैसे देऊनही काही उघडलं नसतं. मर्स्कने जगभरात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले. साधा ॲडवेअर, पासवर्ड चोरणारा ट्रोजन असं काही असेल आणि तुमच्या फाइल्स दुसरीकडे सुरक्षित असतील, तरी सरळ पुसा. तिथे अँटिव्हायरसने 'साफ झालं' म्हटलं तरी माझा विश्वास नसतो.

फक्त पुसल्यावर घालणार काय, ते बघा. विंडोजचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच बनवा. दुकानदाराच्या क्रॅक कॉपीने घातलेलं विंडोज म्हणजे कधी कधी जुना भाडेकरू काढून त्याच्याच भावाला घर देणं. अपडेटचंही तेच. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरलं, पण त्याची भोक बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. नुसतं फॉरमॅट करून विनाअपडेट मशीन परत त्याच नेटवर्कला लावलं, तर ते पुन्हा लागणारच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा आता फॉरमॅट करून परत तेच घालत असाल तर निदान वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा.

आता तुमच्या हातातल्या फोनचं. लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके येते, टाकली की मेसेज आणि ओटीपी परस्पर पळतात. घाबरून लोक पहिल्यांदा फॅक्टरी रीसेट मारतात. लक्षात घ्या, फोनचं रीसेट हे कॉम्प्युटरच्या क्विक फॉरमॅटसारखं नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची चावीच नष्ट होते. कुठलंही रिकव्हरी ॲप मग काही देऊ शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो. म्हणून आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद झालंय ना ते बघा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय ब्लॉक करा, १९३० ला फोन लावा. कुठल्या नंबरवरून एपीके आली, ॲपचं नाव काय, पैसे गेल्याचे मेसेज, या सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्या. तक्रार नोंदवा. मग रीसेट करा. आणि त्यानंतर व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घेतलात की ती पत्रिका त्याच चॅटमध्ये पुन्हा दिसू शकते. ती आधी डिलीट करा.