मेरी वेब : निवेदकाच्या बोलीचा प्रश्न

इंग्रजी ग्रामीण कादंबरीचा विचार आपल्याकडे बहुधा टॉमस हार्डीपाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. मेरी वेब (१८८१–१९२७) हे नाव निघालेच, तर ते स्टेला गिबन्सच्या 'कोल्ड कम्फर्ट फार्म' (१९३२) या विडंबनाच्या अनुषंगाने. विडंबन वाचून मूळ लेखिकेला निकालात काढण्याची ही रीत समीक्षेला शोभणारी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिच्या निधनानंतर १९२८ साली पंतप्रधान बाल्डविन यांनी केलेल्या स्तुतीनेही तिचे वाचक वाढविले. वाचन मात्र फारसे सखोल केले नाही.

श्रॉपशर परगण्यात जन्मलेल्या वेबला तरुणपणीच थायरॉईड ग्रंथीच्या विकाराने ग्रासले व तिचा चेहरा बदलला. घरच्या बागेतील फुले-भाजी ती श्रूझबरीच्या बाजारात विकीत असे. हे तपशील हाताशी धरून 'प्रेशस बेन' (१९२४) मधील दुभंगलेल्या ओठाच्या प्रू सार्नला लेखिकेचे प्रतिबिंब ठरविणे सोपे आहे. पण तेवढ्यावर समाधान मानले, की कादंबरीतील खरी धिटाई नजरेआड होते.

ती धिटाई निवेदनात आहे. हार्डीची खेडूत पात्रे बोलीत बोलतात. त्यांच्याविषयी सांगणारा निवेदक मात्र सुशिक्षित इंग्रजीत सांगतो आणि वाचक नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. वेबने वाचकाची ही बैठकच काढून घेतली. प्रू आपली हकीकत स्वतः लिहिते, तीही बोलीच्या वळणाने. भाऊ गिडिअन शेताच्या मालकीसाठी मृत बापाची पापे आपल्या शिरावर घेतो आणि धान्याच्या चढ्या भावावर श्रीमंत होण्यासाठी घरच्यांना राबवितो. प्रूला अक्षरओळख करून देणारा मांत्रिक बेगिल्डी, त्या धान्याला आग लावणाराही तोच. ओठावरून जिला गावाने चेटकीण ठरविले, तिच्याच हाती त्या गावाची कथा सांगण्याचा अधिकार येतो.

वेबची बोली जॉर्जिना जॅक्सनच्या श्रॉपशर शब्दकोशावर (१८७९) व शार्लट बर्नच्या लोककथासंग्रहावर (१८८३) पोसलेली आहे, हा आक्षेप खोटा नाही. काही पानांवर शब्द मांडून ठेवल्यासारखे दिसतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु कथानक नेपोलियनच्या युद्धांच्या काळातले. शंभर वर्षांपूर्वीची बोली लेखिकेने ऐकावी तरी कोणाकडून? आक्षेप घ्यायचाच, तर शब्द कोठून आले यापेक्षा वाक्य कोणाचे वाटते हे पाहावे. ते बहुतेक ठिकाणी प्रूचेच वाटते.

'गोतावळा' (१९७१) शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हा प्रश्न परका नाही. आनंद यादवांनीही निवेदन नारबाच्या बोलीकडे सोपविले. तरी दोहोंत एक भेद आहे. नारबा बोलतो, प्रू लिहिते. लिहिता येणाऱ्या खेडुताची बोली कशी असते, हा प्रश्न आपल्या ग्रामीण साहित्यचर्चेत अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही.