नवं घर बांधताय? एलिव्हेशनच्या आधी हे ठरवा

मागच्या महिन्यात चाळिशीतलं एक जोडपं ओपीडीत आलं. यजमानांचं ब्लड प्रेशर तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या. उठता उठता त्यांनी मोबाइल पुढे केला. गावाबाहेरच्या प्लॉटवर बंगला बांधायचा होता आणि त्याचं थ्री-डी एलिव्हेशन तयार होऊन आलं होतं. पांढरा-करडा रंग, पश्चिमेला दोन मजली काच, आत चकचकीत मार्बल आणि कठडा नसलेला जिना. "सर, पूर्ण मॉडर्न ठेवावं की थोडा वाड्याचा लुक द्यावा, यावर आमच्यात वाद आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मी विचारलं, "आई कुठल्या खोलीत झोपणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली हॉल, किचन, पाहुण्यांसाठी टॉयलेट आणि पार्किंग. बेडरूम सगळ्या वर. त्यांच्या आई माझ्याच पेशंट आहेत. वय 71, मधुमेह, दोन्ही गुडघे झिजलेले.

मी आर्किटेक्ट नाही. कोणती शैली सुंदर, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण घर बांधून झाल्यावर त्यात जे घडतं, त्यातलं बरंच माझ्या ओपीडीत येतं. त्या अनुभवावरून माझं मत असं बनलं आहे: घराची शैली कुठलीही निवडा, पण ती शेवटी निवडा. आधी त्या घरात राहणाऱ्या माणसांची वयं आणि दुखणी कागदावर मांडा.

माझ्याच घरातली एक पायरी

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. अठरा वर्षांपूर्वी मी घर बांधलं, तेव्हा हॉल डायनिंगपेक्षा एक पायरी खाली घेतला. मासिकात फोटो पाहिला होता आणि तो आवडला होता. दोन्हीकडे एकच क्रीम रंगाची चकचकीत टाइल. त्यामुळे पायरी कुठे संपते ते पटकन कळायचं नाही. आम्हाला सवय झाली. आईलाही झाली होती.

74व्या वर्षी एका संध्याकाळी आई चहाचा कप घेऊन तिथून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर ती वॉकरशिवाय कधीच चालली नाही. गच्चीतल्या तिच्या कुंड्यांपर्यंतही परत गेली नाही. रोज दहा म्हाताऱ्या माणसांना "पडू नका, जपा" असं सांगणारा मी, आणि ती पायरी मीच बांधून घेतली होती.

खुब्याचं हाड मोडणं म्हणजे नुसतं हाड मोडणं नव्हे. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा असं एकामागून एक सुरू होतं. वयस्कर रुग्णांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो. बरेच जण वाचतात, पण पूर्वीसारखे चालत नाहीत.

जमीन, जिना आणि उजेड

चकचकीत टाइल कोरडी असताना ठीक असते. पाण्याचे चार थेंब पडले की तीच धोक्याची होते. बाथरूम, सिंकसमोरची जागा आणि प्रवेशाची पायरी इथे खरखरीत मॅट टाइलच घ्या. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाय घसरतोय हे उशिरा कळतं.

जिन्याला दोन्ही बाजूंना आधार हवा, सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या हव्यात आणि प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी हवी. पूर्ण काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या दिसतात छान, पण मोतीबिंदू असलेल्या माणसाला त्या एका उतारासारख्या दिसू शकतात. प्रोग्रेसिव्ह किंवा दोन भिंगांच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायाजवळचं धूसर दिसतं, तेही लक्षात ठेवा.

सध्या फॉल्स सीलिंगमध्ये दडवलेल्या मंद पिवळ्या दिव्यांची फॅशन आहे. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तुम्हाला जे "मूड लायटिंग" वाटतं, तो तुमच्या वडिलांसाठी अंधार असतो. मंद दिवे जरूर लावा, पण सोबत एक भरपूर उजेडाचा दिवा आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा ठेवा.

काच उष्णता देते, व्हिटॅमिन डी देत नाही

"सर, एवढी काच आहे, भरपूर ऊन येईल," असं मला सांगितलं जातं. त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होण्यासाठी उन्हातले जे अतिनील किरण लागतात, ते खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. उष्णता मात्र आत येते. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची काच म्हणजे भट्टी. मग जाड पडदे येतात, एसी येतो, खिडक्या कायमच्या बंद होतात, पडद्यांत धूळ साठते आणि घरातल्या दमेकऱ्याला शिंका आणि धाप सुरू होते.

त्यापेक्षा एक बसण्याजोगी ओसरी किंवा खोल बाल्कनी बांधा. तिथे खरं ऊन अंगावर घेता येतं. शिवाय रस्त्यावरून जाणारं येणारं माणूस दिसतं, दोन शब्द बोलणं होतं. एकटेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक आजी-आजोबांना माझ्या गोळीपेक्षा त्या ओसरीची गरज असते.

खिडक्या समोरासमोरच्या भिंतींना घ्या, म्हणजे वारा आरपार जाईल. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, हे आधीच हिशेबात धरा. डासांची जाळी सुरुवातीलाच बसवा.

मग वाड्याचा लुक बरा का?

वाड्याबद्दल मला प्रेम आहे, पण आंधळं नाही. जाड भिंती, मधला चौक आणि ओसरी यांमुळे देशावरच्या उन्हाळ्यात वाडे थंड राहत. कोकणातलं उतरतं कौलारू छप्पर आणि भोवतालची पडवी पावसाला भिंतीपासून लांब ठेवते. त्याच कोकणात आज छज्जे नसलेलं सपाट चौकोनी घर बांधलं, की चार महिने भिंती ओल धरतात, बुरशी येते आणि मुलांचा खोकला हटत नाही.

पण त्याच वाड्यांत अंधारे, उभे जिने होते, ठेच लागावी असे उंबरे होते, चुलीचा धूर होता आणि शौचकूप मागच्या अंगणात होता. तेव्हा वाड्याचा वारा घ्या, सावली घ्या, ओसरी घ्या, जिना तेवढा घेऊ नका. आणि बंद डब्यासारख्या घराला लाकडी रंगाचे खांब चिकटवून हे काही मिळत नाही.

"पण मग घर हॉस्पिटलसारखं दिसेल ना?"

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर एका हॉस्पिटलमध्येच आहे. फिनलंडमधल्या पाइमिओ इथे आल्वार आल्टो या आर्किटेक्टने क्षयरोग्यांसाठी उभारलेलं सॅनेटोरियम 1933 मध्ये सुरू झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार. रुग्ण दिवसभर छताकडे बघत पडून असणार, म्हणून आल्टोने खोल्यांचं छत डोळ्यांना शांत वाटेल अशा गडद हिरव्या रंगाचं केलं. शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून वॉशबेसिनचा आकार असा केला, की पाणी पडताना आवाज कमी व्हावा. ती इमारत आजही आधुनिक शैलीचा उत्तम नमुना मानली जाते. तिथे आजारी माणसाचा विचार आधी झाला आणि देखणेपणही त्यातूनच आलं.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी

हे पाच मुद्दे कागदावर लिहून न्या.

1. तळमजल्यावर एक बेडरूम आणि तिला जोडलेलं टॉयलेट-बाथरूम आहे का? आज आईवडिलांसाठी, उद्या तुमच्यासाठी. पाय मोडलेल्या तरुण मुलासाठीसुद्धा.
2. बाथरूमचं दार तीन फूट रुंद आहे का? ते बाहेर उघडतं का? आत पडलेल्या माणसाचं अंग दाराला अडकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येणारी हवी.
3. कमोड गुडघेदुखीच्या माणसाला उठता येईल इतका उंच आहे का? शेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा पेलण्याची ताकद आहे का? दांडा नंतर बसवता येतो, भिंत नंतर भक्कम करता येत नाही.
4. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत आहे ना? त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.
5. घरात कुठे एकच पायरी वरखाली आहे का? असेल तर काढा. माझ्यासाठी तरी काढा.

हे पाच मुद्दे पाळून मॉडर्न घर होतं, वाडा होतो, कौलारू घरही होतं. बांधताना यांचा खर्च फारसा वाढत नाही. नंतर करायचं म्हटलं तर भिंती फोडाव्या लागतात.

ते जोडपं परवा पुन्हा आलं होतं. एका गाडीचं पार्किंग कमी करून खाली आईंची खोली बसवली आहे. पश्चिमेच्या काचेवर अजून वाद चालू आहे. मी आईंना विचारलं, खोलीत काय हवं? त्या म्हणाल्या, "खिडकी रस्त्याच्या बाजूला असू द्या, म्हणजे झालं." हा प्रश्न त्यांना तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या घरात कुणी विचारला आहे का?