सूतिकेचा लाडू आणि सूतिकेचा अग्नी

डिंगोरे परिसरात प्रसूतीची वार्ता येताच माहेरी डिंक, अळीव, खारीक-खोबरे यांची जमवाजमव सुरू होते. या मायेविषयी आम्हांस आदरच आहे. आमचा आक्षेप आहे तो घाईविषयी. तिसऱ्याच दिवशी तुपातले दोन-दोन लाडू खाऊन पोटफुगी, अरुची व मलावरोध ओढवून घेतलेल्या सूतिका आम्ही वारंवार पाहतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, क्रम स्पष्ट आहे : भूक लागल्यावर पंचकोलयुक्त स्नेह, तो पचल्यावर स्निग्ध, पातळ यवागू, असे पाच वा सात रात्री, त्यानंतर क्रमाक्रमाने बृंहण. म्हणजे आधी सुंठ-पिंपळी घातलेली तांदळाची पेज, पुढे मुगाचे कढण व मऊ भात, आणि अग्नी सावरल्यावरच लाडू.

दुसरी बाब खर्चाची. माळशेजकडील वाड्यांत भातखाचरांत राबणाऱ्या भगिनींस सुकामेवा परवडत नाही. त्यांच्या घरच्या नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची पेज हलक्या प्रतीची, हा समज आपणच दूर केला पाहिजे.

औषधालयचालकांनी बाळंतकाढ्यासोबत तयार लाडू सरसकट देऊ नयेत. आधी भूक, शौच व मधुमेह यांची विचारणा करावी. ताप वा अतिरक्तस्राव असल्यास रुग्णेस तत्काळ रुग्णालयात पाठवावे. प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्यांना लाडू हा पर्याय नव्हे, हेही सांगावे.

व्यवसायबंधूंनी आपले अनुभव या पृष्ठांवर अवश्य मांडावेत.